अद्भुताची मर्यादा

आमच्या नेहमींच्या वाचकांस स्मरत असेल कीं, अद्भुत कथांविषयीं ह्या सदरांतून आम्हीं फारसा आदर कधींच दाखविलेला नाहीं. राक्षस, चेटकिणी, मंतरलेल्या तलवारी आणि उडते गालिचे ह्यांचें राज्य वयाच्या बाराव्या वर्षीं संपावें, आणि त्यापुढेंहि ज्याला त्यांची गोडी राहते त्याच्या बुद्धीची अद्याप मुंज व्हावयाची आहे असें समजावें, अशा आशयाचें एक वाक्यहि आम्ही मागें लिहून गेलों आहों. त्या वाक्याबद्दल आज थोडें प्रायश्चित्त घ्यावयाचें आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं घरांतली एक गोष्ट उघडी करणें भाग आहे. परंतु वाचक आम्हांस घरच्यासारखेच असल्यामुळें तिच्याबद्दल संकोच वाटत नाहीं.

आमची नात यंदा दहावीस आहे. सहामाही परीक्षा आठ दिवसांवर आली असतां एके रात्रीं दहाच्या सुमारास आम्ही तिच्या खोलींत डोकावलों. मेजावर शास्त्रविषयाचें क्रमिक पुस्तक उघडें होतें, आणि त्याच्या आडोशाला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. मुखपृष्ठावरूनच तिची जातकुळी आमच्या ध्यानांत आली. कांहीं न विचारतां आम्हीं ती उचलली, आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेविली आणि कपाटाला कुलूप लाविलें. मुलीनें वाद घातला नाहीं. "आजोबा, तुम्हीं ही वाचली आहे का?" एवढेंच तिनें विचारलें. असलें कांहीं वाचण्याचें आमचें वय राहिलें नाहीं, असें उत्तर देऊन आम्ही निजावयास गेलों, आणि आपण वडीलधाऱ्याचें कर्तव्य केलें ह्या समाधानांत गाढ झोंपलोंहि.

दुसऱ्या दिवसापासून एक फरक दिसूं लागला. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं ही मुलगी झोपाळ्यावर आमच्या शेजारीं येऊन बसे आणि दिवसभराच्या साऱ्या गोष्टी सांगे, असा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. तो मोडला. तिनें अबोला धरला म्हणावें, तर तसेंहि नाहीं. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळे, पाण्याचा तांब्या वेळेवर उशाशीं येई, चष्मा सांपडत नसला तर तो शोधून मिळे. परंतु आपण होऊन ती कांहींच सांगेना. परीक्षा संपली तरी हा क्रम तसाच राहिला. अखेर घरच्या मंडळींनीं एके दिवशीं दुपारीं सुपारी कातरतां कातरतां आम्हांस सुनावलें, "अहो, पोरीनें तुमच्या कुलुपाला हात लावला नाहीं, पण आपल्या मनालाहि एक कुलूप घातलें आहे. तें पुस्तक निदान वाचून तरी पाहा. काय काढून घेतलें हें काढून घेणाराला ठाऊक नसावें, ही कुठली रीत?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. म्हणून, निषेधाला आधार सांपडावा एवढ्याच हेतूनें, आम्हीं कपाट उघडलें.

कादंबरीचें नांव 'द फायनल एम्पायर'. 'मिस्टबॉर्न' ह्या मालेंतील हा पहिला भाग असून तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. दुसरा २००७ सालीं आणि तिसरा २००८ सालीं. लेखक ब्रँडन सँडरसन हे १९७५ सालीं जन्मलेले अमेरिकन गृहस्थ असून त्यांनीं यूटा येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठांत लेखनकलेचे वर्ग चालविले आहेत. ह्या कादंबरीशीं निगडित असलेली एक हकीकत आम्हांस फार हृद्य वाटली. 'द व्हील ऑफ टाइम' ही प्रचंड अद्भुतमाला लिहिणारे रॉबर्ट जॉर्डन २००७ सालीं वारले, तेव्हां त्यांची माला अपुरी राहिली होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल ह्या स्वतः संपादिका. पतीचें अपुरें काम कोणाच्या हातीं द्यावें ह्या विवंचनेंत असतां त्यांनीं सँडरसन ह्यांची हीच कादंबरी वाचली, आणि तें काम त्यांच्या स्वाधीन केलें. २००९ ते २०१३ ह्या अवधींत तीन खंड लिहून सँडरसन ह्यांनीं तें तडीस नेलें. ज्या ग्रंथावर एका विधवेनें एवढा भरंवसा टाकिला, तो आपण पानहि न उलटतां कुलुपांत ठेविला होता, हा विचार आम्हांस पहिल्याच दिवशीं थोडा टोंचला.

कथेचें जग असें: आकाशांतून रात्रंदिवस राख पडते. सूर्य तांबडा आहे आणि झाडेंझुडपें तपकिरी. पानांचा रंग हिरवा असूं शकतो हीच तेथें दंतकथा झाली आहे. रात्र झाली कीं दाट धुकें उतरतें आणि गोरगरीब दारें लावून घेतात. एक हजार वर्षें एकच सम्राट ह्या जगावर राज्य करीत आहे. तो मरत नाहीं, आणि लोक त्याला ईश्वर मानतात. वर उमराव, खालीं 'स्का' नांवाचे दास. मधें फारसें कोणी नाहीं. लुथाडेल ह्या राजधानींत सोळा वर्षांची व्हिन नांवाची एक पोरकी मुलगी चोरांच्या टोळींत जीव मुठींत धरून दिवस काढीत असते. तिचा भाऊ रीन तिला टाकून गेला आहे. परंतु जातांना एक शिकवण देऊन गेला आहे, ती ही कीं, प्रत्येक माणूस केव्हां ना केव्हां दगा देणारच. ही शिकवण त्याच्याच आवाजांत तिच्या कानांत सारखी घुमत असते. अशा ह्या मुलीला केल्सियर नांवाचा एक बंडखोर उचलतो आणि साम्राज्य उलथून पाडण्याच्या आपल्या कटांत घेतो. कट मोठा मौजेचा आहे. दरोड्याची आंखणी करावी तशी राज्यक्रांतीची आंखणी चालली आहे, आणि प्रत्येक गड्याच्या वांट्याला त्याच्या त्याच्या कसबाचें काम आलेलें आहे.

आतां ह्या कथेंतील जादूकडे वळूं. कारण आमचें मत पालटलें तें येथेंच. तिला लेखकानें 'अ‍ॅलोमन्सी' असें नांव दिलें आहे. येथें मंत्र नाहीं, मुद्रा नाहीं, देवतेची आराधनाहि नाहीं. धातूचा कीस द्रवांत घालून गिळावयाचा आणि पोटांत तो 'जाळावयाचा'. जो धातु जळतो त्याची ठराविक शक्ति, तो संपेपर्यंत, मिळते. मूळ धातु आठ. लोखंड जाळलें असतां आसपासचा धातु आपल्याकडे ओढतां येतो, आणि पोलाद जाळलें असतां तो दूर ढकलतां येतो. कथिलानें पंचेंद्रियें तीक्ष्ण होतात. कथील आणि शिसें ह्यांच्या मिश्रणानें, ज्याला इंग्रजींत प्यूटर म्हणतात त्यानें, शरीराला बळ येतें. जस्तानें दुसऱ्याच्या मनांतील भावना भडकवितां येतात, पितळेनें त्या शमवितां येतात. कांशानें आसपास कोणी धातु जाळीत असल्यास त्याचा सुगावा लागतो, तर तांब्यानें तो सुगावा झांकतां येतो. ह्यांखेरीज सोनें आणि एक काल्पनिक दुर्मिळ धातु ह्यांचेहि गुण सांगितले आहेत. बहुतेक शक्तिमंतांना एकच धातु साधतो. सारे साधणारा विरळा, आणि त्यालाच 'मिस्टबॉर्न' म्हणजे धुक्यांत जन्मलेला असें म्हणतात.

पहिल्या वाचनांत हा सारा हिशेब आमच्या डोक्यांत राहीना. तोंच पुस्तकांतून एक चिठ्ठी खालीं पडली. आमच्या नातीच्या अक्षरांत तीवर धातूंचें कोष्टक मांडलेलें होतें. एका बाजूस मूळ धातु, दुसऱ्या बाजूस त्याचा मिश्रधातु. आणि प्रत्येकापुढें तो कशाकशाचा बनतो ह्याची टीप. खालीं लिहिलें होतें, 'धडा: धातुविज्ञान. पुन्हां पाहणें.' त्या रात्रीं मेजावर उघडें असलेलें शास्त्राचें पुस्तक निव्वळ आडोसा नव्हतें, हें तेव्हां कळलें. आम्ही ती चिठ्ठी हातांत धरून बराच वेळ स्वस्थ बसलों.

कोष्टक मोठ्यानें वाचीत असतां स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "कांसें म्हणजे तांबें नि कथील, पितळ म्हणजे तांबें नि जस्त, हें सांगायला अमेरिकेचा माणूस कशाला हवा?" मग आमच्या घरच्या मंडळींनीं फडताळांतल्या भांड्यांवरूनच आम्हांस तो विषय समजावून दिला. धातु अशुद्ध असला किंवा मिश्रणाचें प्रमाण चुकलें तर जाळणारा आजारी पडतो, प्रसंगीं मरतोहि, असा कादंबरींतला नियम आहे. तो ऐकून त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. कल्हई नीट नसली तर पितळेंत ताक कळकतें. मग हे तर धातूच गिळताहेत." पुढें आणखी एक गंमत सांपडली. आपण अ‍ॅलोमन्सी जाणतों ह्याचा व्हिनला पत्ताच नसतो. पिण्याच्या पाण्यांतून आणि जेवणाच्या भांड्यांतून पोटांत गेलेल्या कणांवर तिची शक्ति नकळत चालत आलेली असते, आणि ती बिचारी तिला आपलें 'नशीब' म्हणत असते. हा भाग ऐकून आमच्या मंडळींचें त्या लेखकाविषयींचें मत एकदम फार चांगलें झालें.

परंतु खरा आनंद आम्हांस मिळाला तो पुढेंच. ओढणें आणि ढकलणें ह्यांना लेखकानें एक अट घातली आहे, ती वजनाची. तुम्हीं हलकी वस्तु ढकलली तर ती जाते. तुमच्यापेक्षां जड वस्तु ढकलली तर तुम्हीच मागें फेंकले जातां. क्रिया आणि प्रतिक्रिया ह्यांचा जो सिद्धांत न्यूटननें १६८७ सालीं ग्रंथरूपानें मांडला, तो येथें जादूलाहि चुकलेला नाहीं. म्हणून केल्सियर जमिनीवर एक नाणें टाकतो आणि तें ढकलतो. खालीं जमीन असल्यामुळें नाण्याला जावयास जागा नसते, तेव्हां तो स्वतः उंच उडतो. व्हिन अंगानें किरकोळ आहे; तिनें आणि एखाद्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यानें एकमेकांविरुद्ध जोर केला तर दूर जाऊन पडणार ती, हें वाचकाला आधींच ठाऊक असतें. अंगावर चिलखत घालणें म्हणजे शत्रूच्या हातीं आपली शेंडी देणें. म्हणून असल्या मारेकऱ्यांशीं लढावयास जे शिपाई मुद्दाम तयार केलेले असतात, ते अंगावर धातु बाळगीतच नाहींत, लांकडी ढाली घेतात. हे नियम एकदां अंगवळणी पडले कीं वाचक नुसता पाहत बसत नाहीं, तो खेळूं लागतो. एका प्रसंगीं व्हिन छपरावरून पडत असतां, रात्रीं अकराच्या सुमारास, "नाणें टाक, नाणें टाक!" असें आम्ही मोठ्यानें ओरडलों, आणि घरांतील तीन माणसें जागीं झालीं. त्यांत आमची नातहि होती. ती दारापर्यंत आली, आमच्या हातांतलें पुस्तक तिनें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां परत गेली.

ह्या नियमबद्धतेमागें लेखकाचा एक विचार आहे, आणि तो त्यानें २००७ सालीं एका निबंधांत मांडला आहे. त्याचा आशय असा कीं, जादूच्या साहाय्यानें संकट निवारण्याचा लेखकाचा अधिकार, ती जादू वाचकाला जितकी समजलेली असते तितकाच असतो. ज्या शक्तीचे नियम आपणांस ठाऊक नाहींत, तिनें ऐन वेळीं नायकाला वांचविलें तर आपणांस सुटका वाटत नाहीं, फसवणूक वाटते. पुढें त्यानें आणखी एक सूत्र सांगितलें, तें असें कीं, पात्राला काय करतां येतें ह्यापेक्षां काय करतां येत नाहीं हें अधिक महत्त्वाचें. सर्वच थोर अद्भुतकथा ह्या रीतीनें लिहिल्या आहेत असें मात्र नव्हे. टोल्कीन ह्यांच्या १९५४ आणि १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या ग्रंथांत गँडाल्फ ह्या मांत्रिकाची शक्ति किती आणि कशी, ह्याचा हिशेब कोठेंच दिलेला नाहीं. तेथें तो नसणेंच शोभतें. उर्सुला ल ग्विन ह्यांनीं १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ह्या कादंबरींत, वस्तूचें खरें नांव कळलें कीं तिच्यावर सत्ता चालते एवढाच नियम ठेविला, आणि त्या सत्तेच्या गैरवापरानें जगाचा तोल बिघडतो ही जबाबदारी त्याला जोडली. सँडरसन ह्यांनीं नियमांची ही वाट पुष्कळच पुढें नेली, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आम्हीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलीं, आणि तरीहि एक गोष्ट ध्यानांत येण्यास ही कादंबरी वाचावी लागली. महाभारतांतील अस्त्रें आपणांस अजूनहि खरीं वाटतात, तीं त्यांच्या सामर्थ्यामुळें नव्हेत, मर्यादांमुळें. कर्णानें कवचकुंडलें देऊन इंद्रापासून शक्ति मिळविली. परंतु ती एकदांच, एकाच शत्रूवर सोडतां येणार. ती त्यानें अर्जुनासाठीं जपून ठेविली आहे हें आपणांस ठाऊक असतें. म्हणूनच द्रोणपर्वांत ती घटोत्कचावर खर्च होते, तेव्हां पांडव शोक करीत असतां श्रीकृष्ण हर्ष कां मानतो, हें कोणी समजावून न देतां आपणांस कळतें. सौप्तिकपर्वांत अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेहि अस्त्र सोडतात. अर्जुनाला तें परत घेतां येतें, अश्वत्थाम्याला येत नाहीं. दोघांची विद्या एकाच गुरूची, भेद संयमाचा. आणि त्या भेदाची किंमत उत्तरेच्या गर्भाला मोजावी लागते. हे प्रसंग आम्हीं वर्गांत कित्येक वेळां शिकविले. त्या वेळीं 'अद्भुत' म्हणून आम्हीं नाकें मुरडलीं नाहींत. तींच मुरडलीं, ती परक्या भाषेंतली रंगीत वेष्टनाची कादंबरी दिसली तेव्हां.

असो. येथवर जें लिहिलें तें बुद्धीच्या आनंदाविषयीं झालें. परंतु ह्या कादंबरीचा जीव ह्याहून निराळ्या ठिकाणीं आहे. आठ धातूंपैकीं दोन, जस्त आणि पितळ, दुसऱ्याच्या मनावर चालतात. केल्सियरच्या मंडळींत ब्रीझ नांवाचा एक चैनी, गोडबोल्या गृहस्थ आहे. तो सहज बसल्या बसल्या पितळ जाळतो आणि समोरच्याचा राग, भीति, संशय अलगद खालीं उतरवितो. तो वाईट माणूस नाहीं. लोकांना ज्या दिशेला आपण होऊन जावेंसें वाटतच असतें, त्याच दिशेला आपण त्यांना किंचित् नेतों, असें तो म्हणतो. व्हिन मात्र अस्वस्थ होते. आपणांस आतां ह्या माणसांविषयीं जो विश्वास वाटूं लागला आहे तो आपला, कीं कोणीं तरी पितळ जाळून आपल्या मनांत उतरविलेला? सारे धातु साधलेली ही मुलगी येथें अडते. माणसाला उडविणारा धातु आहे, अंधारांत पाहावयास लावणारा आहे; पण दुसऱ्यावर विश्वास टाकावयास शिकविणारा धातु लेखकानें निर्माण केलेला नाहीं. तें काम व्हिनला कोणत्याहि शक्तीशिवाय करावें लागतें, आणि तें तिला उमरावांच्या वाड्यांवरून उड्या मारण्यापेक्षां पुष्कळ जड जातें.

हा भाग वाचतांना आम्ही सारखे थांबत होतों. ज्याला दुसऱ्याला ढकलतां येतें, त्याला स्वतःचें वजन ठाऊक असावें लागतें. आजोबापण हीहि एक शक्तीच आहे. ती आम्हांस कांहीं साधना करून मिळालेली नाहीं, वयानें मिळालेली आहे. त्या रात्रीं ती आम्हीं एका पंधरा वर्षांच्या मुलीवर वापरली. मुलगी किरकोळ, आम्ही भारी, असा आमचा अंदाज होता. प्रत्यक्षांत मुलगी जागच्या जागीं राहिली, आणि झोपाळ्यावर एकटे पडलों ते आम्ही.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्या साम्राज्यांत अ‍ॅलोमन्सी ही उमरावांच्या रक्तांत वंशपरंपरेनें आलेली समजली जाते. तें रक्त दासांत मिसळूं नये असा कायदा आहे, आणि तो निष्ठुरपणें पाळला जातो. बहुतेक उमरावांना ह्यांत वावगें कांहींच दिसत नाहीं. आपण योग्य म्हणूनच वर आहों, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. एलेंड व्हेंचर नांवाचा एकच तरुण उमराव मेजवान्यांत नाच सोडून कोपऱ्यांत पुस्तकें वाचीत बसतो, आणि वाचतां वाचतां त्याला प्रश्न पडूं लागतात. विद्या ही आपल्या घराण्याची मिरास, असें समजण्याची संवय आपल्यासारख्या घरांतून कांहीं थोडकी नव्हती. ह्या उमरावांचें वर्णन वाचतांना आम्हांस मधून मधून आपले जुने वाडे आणि त्यांच्या बंद दिंड्या आठवल्या, हें कबूल केलें पाहिजे. ज्या पुस्तकाला आम्ही पोरखेळ म्हणत होतों, त्यानें आमच्यासारख्या वयस्काला हा विचार करावयास लाविलें.

आतां दोषांविषयीं. ते नाहींत असें नाहीं, आणि ते न सांगणें वाचकांशीं अप्रामाणिकपणाचें होईल. सँडरसन ह्यांची भाषा सरळ आणि स्वच्छ आहे. परंतु तींत काव्य थोडें आहे. पाचशेंहून अधिक पृष्ठांच्या ह्या ग्रंथांत जिवावर पेन्सिलीची खूण करावी अशीं वाक्यें आम्हांस फारशीं आढळलीं नाहींत. धातूंचे नियम कांहीं ठिकाणीं इतके तपशीलवार सांगितले आहेत कीं, धुक्याची गूढता जाऊन शाळेचा तास चालला आहे असें वाटतें. कटांतली मंडळी एकजात पुरुष. व्हिनला बरोबरीची मैत्रीण अशी नाहीं. शिवाय, रक्तपात बराच आहे, आणि दास स्त्रियांवर उमरावांकडून होणाऱ्या अत्याचारांचा उल्लेख आहे. तो चवीनें केलेला नाहीं, तरी बारातेरा वर्षांच्या मुलांच्या हातीं हें पुस्तक वडिलांनीं विचार करूनच द्यावें. पंधरासोळा वर्षांनंतर मात्र हरकत दिसत नाहीं. कथेचा शेवट आम्ही सांगणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, जें गुपित उकलतें त्याच्या साऱ्या खुणा लेखकानें आधींच आपल्यासमोर मांडून ठेविलेल्या असतात, आणि त्या आपल्याला दिसल्या नाहींत ह्याचें वाईट वाटण्याऐवजीं आनंद होतो.

पुस्तक संपलें त्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही तें घेऊन नातीच्या खोलीच्या दाराशीं गेलों. वयाच्या ह्या टप्प्यावर नातवंडांपुढें चूक कबूल करण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून वाक्य मनांत दोनदां घोळून ठेविलें होतें. न वाचतां काढून घेतलें हें चुकलें, असें आम्हीं तिला सांगितलें. अभ्यासाच्या वेळीं ती कादंबरी वाचीत होती हेंहि चुकलेंच, असें त्यास जोडावें असें फार मनांत होतें. तें आम्हीं गिळलें. तिनें पुस्तक घेतलें, आपली चिठ्ठी आंत जागच्या जागीं आहे का तें पाहिलें, आणि मग स्वतःच म्हणाली, "त्या रात्रीं मी अभ्यास करीत नव्हतें, आजोबा. धडा आधीं झाला होता. पण नंतर मी नुसतीच वाचीत बसलें होतें." थोडें थांबून तिनें विचारलें, "तुमची पूर्ण झाली का?" झाली म्हटल्याबरोबर तिनें दोन्ही हात कानांवर ठेविले. "मग शेवट सांगूं नका हं! माझीं शंभर पानें राहिलीं आहेत."

तेव्हांपासून आमच्या घरीं एक करार झाला आहे. शाळेच्या दिवसांत झोपण्यापूर्वीं अर्धा तास, आणि रविवारीं दुपारीं हवें तेवढें. कोणतेंहि पुस्तक काढून घ्यावयाचें झाल्यास काढून घेणारानें निदान पन्नास पानें आधीं वाचलेलीं असलीं पाहिजेत, हें कलम तिच्या आजीनें घातलें. सहामाहीचे गुण बेताचेच आले. धातुविज्ञानावरील प्रश्नांत चूक नव्हती. बीजगणितांत पुष्कळ होत्या, आणि बीजगणिताची कादंबरी अद्याप कोणीं लिहिलेली आमच्या माहितींत नाहीं. दुसरा भाग घरांत आला आहे, आणि तो आधीं कोणीं वाचावयाचा ह्यावर सध्यां बोलणीं चालूं आहेत.

झोपाळ्यावरचा नेमहि हळूहळू पूर्ववत् झाला. परवां रात्रीं बोलतां बोलतां तिनें एक प्रश्न विचारला. "आजोबा, आईचं नि माझं भांडण झालं कीं तुम्ही मला शेजारीं बसवून हळू आवाजांत समजावतां, आणि माझा राग जातो. तेव्हां तुम्ही मला खरंच पटवीत असतां, कीं नुसतं पितळ जाळीत असतां?" आम्हीं उत्तर देण्यासाठीं तोंड उघडलें आणि पुन्हां मिटलें. विचार करून सांगतों, असें तिला म्हटलें आहे. चार दिवस झाले. विचार अजून चालूं आहे.